पेन्सिलीने लिहिलेले गुण

माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही, म्हणजे बघा. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच जमतंय का हे?

डोंबिवलीत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. शाल, श्रीफळ, पुढच्या खुर्चीचा मान — आवडतं मला, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी ठाण्याच्या स्पर्धेत विषय होता, ‘दहशतवादाविरुद्धचं युद्ध जिंकता येईल का?’ नुकताच एक हल्ला झालेला, वातावरण तापलेलं. मुलं मुठी आवळून ‘येईलच!’ म्हणत होती आणि टाळ्या घेत होती. मग कल्याणची सना आली, नववीतली. आवाज न चढवता म्हणाली, “हल्ल्याची बातमी आली की आमच्या घरात दोन भीती असतात. एक तुमच्यासारखीच. दुसरी — पकडलेल्याचं नाव आमच्यासारखं निघेल, ही. ही दुसरी भीती राहावी, हेच तर दहशतवाद्यांना हवंय. ती संपली तर आपण जिंकू.”

एक टाळी नाही. पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे घड्याळ बघायला लागले.

आम्ही परीक्षक गुण आधी पेन्सिलीने लिहितो, शेवटी पेनाने पक्के करतो. सनाला मी पन्नासपैकी सेहेचाळीस दिले होते, सगळ्यांत जास्त. आणि मग — मी खोडरबर घेतला. अडतीस केले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ‘मॅडम त्यांच्या बाजूच्या’ अशी कुजबुज झाली तर, पुढच्या वर्षी बोलावलंच नाही तर — एवढ्यालाच मी घाबरले. एवढ्याला!

इथवर कदाचित कुणाला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

बक्षिसं वाटून झाल्यावर सना माझ्याकडे आली. मागे तिची आई. “मॅडम, माझं काय चुकलं? सांगा ना, मी सुधारेन.”

काय सांगणार होते मी? माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा स्वच्छ मराठी बोलणाऱ्या त्या मुलीला मी म्हणाले, “बाळा, उच्चारांवर मेहनत घे. मराठी अजून तुझ्या तोंडात बसलेली नाही.”

तिने ते वहीत लिहून घेतलं. आई मला थँक्यू म्हणाली.

पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं. गेल्या गेल्या स्पर्धकांच्या यादीत मी सनाचं नाव शोधलं. होतं — हिंदी विभागात.