बाबांची चाक सोडवायची रीत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होतो—उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो आणि ती गेली. आता तुम्हाला सांगतोय. मध्ये काही विचारू नका हं, नाहीतर मी पुन्हा टाळाटाळ करीन. ती मला फार छान जमते.

आमचा एक ट्रक आहे. बाबांचा. खाणीवरून चिरे वाहायचा—ते जांभ्याचे, घरं बांधायला लागतात ते. पावसाळ्यात खाण बंद, म्हणून चार महिने गाडी खळ्यात, घरापुढच्या अंगणात उभी. मालगुंडच्या पुढे आमचं घर, समुद्र हाकेवर. खारा वारा दाराच्या कडीला सोडत नाही, तर गाडीला काय सोडणार? दिवाळीच्या सुमारास गाडी बाहेर काढायची तर आधी चाकं उतरवून ब्रेक बघावे लागतात, आणि चाक काही सुटत नाही. सगळे नट काढा, ओढा, लाथा घाला—ढिम्म. आत गंजानं चिकटून बसलेलं असतं.

बाबांची त्यावर एक रीत होती. मी त्यांच्याच गाडीवर क्लीनर, म्हणून मला ठाऊक. आधी जॅक लावायचाच नाही. चाक जमिनीवर असताना नट थोडेसे ढिले करायचे, पुरते काढायचे नाहीत. मग गाडी सुरू करून, स्टेअरिंग वळवून, दोन हात पुढे, दोन हात मागे. गाडीचं वजनच गंज तोडतं. 'टण्ण' असा आवाज आला की झालं. मग जॅक लावा, चाक आपसूक हातात येतं. कुणाचं काही दुखत नाही, खुपत नाही.

बाबा गेले त्या वर्षीची गोष्ट. तेराव्याला दादानं आईसमोर सांगितलं होतं, "गाडी बाळ्याची. मी मुंबईत, मला काय करायचीय?" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंबईत एका दुकानात टेलर. कोट शिवायचा. हात असा की गिऱ्हाईक त्याचं नाव घेऊन यायचं. मी त्याच्या शब्दावर अख्खा पावसाळा काढला. खाणमालकाशी बोलून ठेवलं, गाडीवर नाव काय घालायचं तेही ठरवलं. हसा हवं तर!

दिवाळीला दादा आला आणि म्हणाला, चल, चाकं काढू, घरच्या घरी सगळं बघून घेऊ, तुला बरं पडेल. मी खूश. पाने आणायला नाक्यावर गेलो, तर चहावाला विचारतो—गाडी संगमेश्वरच्या पार्टीला दिलीत म्हणे? ब्रेक बघायला उद्या येतायत ना ते?

काय वाटलं असेल मला? कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या घालून मोकळा होतो. पाठचा भाऊ मी, त्याच्या लग्नात नाचलो, त्याच्या पोराला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली—आणि ज्या गाडीवर मी जगणार, तीच विकण्यासाठी हा माझ्याच हातून चाकं काढून घेणार! वर म्हणे, तुला बरं पडेल. मी तेव्हाच का भांडलो नाही? खळ्यात उभं राहून आईसमोर का नाही विचारलं? भित्रा आहे मी. चांगला पहिल्या नंबरचा भित्रा.

घरी आलो. पाने दिले.

दादानं गाडी जॅकवर चढवली, नट काढले, चाक ओढलं. हलेना. घण घेतला, आतून ठोकलं. हलेना. घामानं निथळला बिचारा. मग त्यानं विचारलं—हे वाक्य मला अजून त्याच्या आवाजात ऐकू येतं—"बाळ्या, बाबा कसं काढायचे रे?"

मी म्हटलं, "ठाऊक नाय."

एवढंच. दोन शब्द. चाक सुटू नये, उद्या पार्टी यावी आणि चडफडत परत जावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण दादा वाकून टायरखाली हात घालून ओढत होता, जॅक खालच्या मऊ मातीत एका अंगानं रुतत होता आणि ते मला दिसत होतं. दिसत होतं हो! तोंड उघडायला काय लागतं? मी नाही उघडलं. गाडी कलंडली. दादाचा उजवा पंजा चाकाखाली.

आणि आता खरं सांगायचं ते हे—त्याची किंकाळी ऐकली तेव्हा भीती वाटायच्या आधी, अगदी आधी, माझ्या मनात आलं की बरं झालं, आता विक्री होत नाही.

दोन बोटं गेली. तिसरं वाकत नाही. कात्री त्या हातात बसेना, दुकानानं त्याला घरी बसवलं, तो बायकोपोरांसह गावी आला. आईनं गुरवाकडून देवीला कौल लावला. मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडली की होकार. बाप नाराज आहे का, असं विचारलं, आणि उजवी पडली. झालं! बाबांना गाडी विकायला नको होती, त्यांनीच अडवलं, असं सगळ्यांचं ठरलं. दादा आईच्या पायाशी बसून रडला. आपण बाळ्याला फसवत होतो, हे त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं, आणि गाडी माझ्या नावावर केली. त्यानं कबूल केलं. मी गाडी घेतली.

आता दरवर्षी पावसानंतर चाकं चिकटतात आणि माझी पंचाईत होते. दादासमोर बाबांची रीत करायची कशी? मग त्याला काहीतरी निमित्त काढून बाजारात पिटाळतो, पटकन गाडी पुढे-मागे करून चाक सोडवतो आणि हाताला गंज फासून बसतो. तो आला की सांगतो, सकाळपासून घण मारतोय, खांदे गेले. तो त्याच हातानं माझे खांदे चोळून देतो.

गेल्या महिन्यात दादा पडवीतून ओरडतच आला. मोबाईलवर कुठल्या तरी परमुलखातल्या मेस्त्रीचा व्हिडिओ बघितलान म्हणे. नट ढिले, गाडी पुढे, गाडी मागे. मला ओढतच खळ्यात नेलं आणि शिकवायला लागला. "सावकाश हां बाळ्या, नट पुरते नाय काढायचे," असं म्हणत उरलेल्या बोटांनी हवेत पाना फिरवून दाखवत होता. मी सगळं नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं. गाडी पुढे घेतली, मागे घेतली. चाक सुटलं. पोरासारखा खूश झाला तो.

मग हळूहळू त्याचं तोंड उतरलं. सुटलेल्या चाकाकडे बघत म्हणाला, "बाबांना हे ठाऊक नसेल, असं होईल काय रे? तुला क्लीनर म्हणून ठेवलंन, नि एवढंसुद्धा शिकवलं नाय? बापूस असून फसवलंनच म्हणायचं आपल्याला."

मी गाडीतून उतरलो आणि म्हटलं, "नाय शिकवलंन, खरं आहे."