देवासच्या निशाणदारांचे कूळ

"कूळ बघायला चालला आहात, मोडता घालायला नव्हे, एवढे ध्यानात ठेवा," असे बायकोने उंबऱ्यावरच बजावले आणि मी माळव्याच्या वाटेला लागलो.

तिचे बरोबरच होते. आमच्या यमूला लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे वण गालांवर राहिले. दोन स्थळे तिला पाहून परत गेली. तिसऱ्यांनी पाहुणचार यथास्थित घेतला, कळवतो म्हणाले आणि जे गेले ते गेलेच. अशा वेळी धारला नोकरीस असलेले माझे मेव्हणे गोविंदराव यांनी देवासच्या निशाणदारांचे स्थळ सुचवले. मुलगा दरबारच्या पागेत कारकून, निर्व्यसनी. अडचण एकच होती. आम्हा मराठ्यांत देवक एक निघाले की ते भाऊबंद, मग सोयरीक नाही. आमचे, म्हणजे खैऱ्यांचे, देवक कळंब. निशाणदारांनी पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पाने, कळवले होते; आणि आपले देवक विसरलेली माणसे पुष्कळदा पंचपल्लवच सांगतात.

त्यात आमच्या घरात एक जुनी गोष्ट चालत आलेली. पवारांच्या फौजेबरोबर आमच्या घराण्यातले दोघे भाऊ कृष्णाकाठाहून माळव्यात गेले. धाकटा परतला, त्याचे आम्ही वंशज. थोरल्याचे पुढे काय झाले कोणास ठाऊक नाही. त्याचा माग काढावा असे मला तरुणपणापासून वाटे. आता प्रत्यक्ष निघालो, तर तो कुठेही सापडो, देवासात सापडू नये, असे मनात म्हणत होतो.

खांडव्याला गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीत बसलो. नर्मदेच्या पुलावर सगळ्या डब्याने हात जोडले, मीही जोडले. महूला उतरून धारचा टांगा केला. दुतर्फा अफूची शेते पांढरीशुभ्र फुलली होती. इतक्या देखण्या फुलापोटी असले पीक यावे याचे मला नवल वाटले. टांगेवाला मात्र सारी वाट घोड्याला शिव्या देत होता आणि मधूनच वळून मला "साब, आराम से बैठो" म्हणत होता. रस्ता असा की आरामाचे नावच काढू नये.

धारला गोविंदरावांनी मला कालिकेच्या दर्शनाला नेले, तळ्याकाठी फिरवले आणि शेवटी एका म्हाताऱ्या जमादाराकडे बसवले. त्यांना सगळ्या मराठा घराण्यांची माहिती होती.

"निशाणदार हे काय आडनाव आहे, भिया?" ते हसले. "ते काम. घोड्यावर पुढं निशाण घेऊन चालायचं. अहो, इथं आले ते कामाच्या नावानं राहिले. कोणी जामदार, कोणी जासूद. मागचं नाव कौन पूछता है?"

"पण मागे होते काय?"

"ते देवासवाल्यांनाच विचारा. आमच्या धारचे नव्हेत ते."

इथे मिटले असते तर बरे झाले असते. गोविंदराव म्हणाले, पंचपल्लव कळवले आहे ना, मग उगाच खोलात कशाला शिरता? पण आता मला चैन पडेना. इंदूरवरून देवास गाठले.

देवासचा प्रकार अजब आहे. गाव एक, राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचे राज्य, त्या बाजूला दुसऱ्याचे. टांगेवाल्याने मला उतरवले ते नेमके चुकीच्या बाजूला. तिथल्या शिपायाला निशाणदारांचे घर विचारले, तर तो समोर बोट करून ताठ्याने म्हणाला, "वो हमारे राज में नहीं पड़ता." मी वळकटी खांद्यावर टाकली, रस्ता ओलांडला आणि परराज्यात शिरलो.

मुलाचे वडील बळवंतराव दारापर्यंत सामोरे आले. घरात खरा कारभार त्यांच्या आईचा, माईसाहेबांचा. जेवायला बाफले (कणकेचे गोळे उकडून, मग निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवलेले) आणि वरण होते. दोन बाफल्यांतच माझी शरणागती झाली. जेवण झाल्यावर मी वणांची गोष्ट स्वतःच काढली. पुढे बोल नको.

माईसाहेब म्हणाल्या, "देवी आली नि गेली. पोरगी राहिली ना? बस, और क्या चाहिए?"

मला गहिवरून आले. सुपारी उद्याच फोडायची ठरली. मुलगा रघुनाथ खाली मान घालून उठून गेला; तोही मला फार आवडला.

सकाळी मी ओसरीवर चहा घेत होतो. एक मोळीवाली दाराशी आली. माईसाहेबांनी मोळी उलटीपालटी केली आणि एकदम ओरडल्या, "इसमें कदम है! कित्ती बार बोला, कदम नी चलेगा!"

मोळीवाली म्हणाली, "बा साब, घणी सूखी लाकड़ी है."

"सूखी हो कि गीली. आमच्या चुलीत कदम जात नाही."

कदम म्हणजे आपल्याकडचा कळंब. देवकाचे झाड आम्ही तोडत नाही, जाळत नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "का जात नाही?" मी विचारले.

"कोण जाणे. सासूबाई सांगायच्या, नाही जाळायचं. मूळ घर कृष्णेकाठी, तिकडची चाल असेल. इकडं आलेल्या मूळ पुरुषाचा धाकटा भाऊ म्हणे म्हाताऱ्या आईसाठी परत गेला. त्यालाच ठाऊक असणार सगळं. हे पंचपल्लव तर इथल्या भटजींनी लावून दिलं."

धाकटा म्हाताऱ्या आईसाठीच परतला होता. आमच्या घरीही असेच सांगतात.

गप्प बसावे असे मला वाटले. खरेच वाटले. त्या घरात हे जाणणारा मी एकटा होतो, आणि यमूला असे घर पुन्हा मिळणार नव्हते. तेवढ्यात बळवंतराव शालू-सुपारीचे तबक घेऊन बाहेर आले आणि त्यांनी सुपारी उचलली.

"ठेवा ती," मी म्हणालो. "कळंब आमचे देवक. परत गेला तो आमचा पूर्वज."

बळवंतराव खाली बसले. मग माईसाहेब उठल्या, तबकातला शालू उचलून आत घेऊन गेल्या आणि महेश्वरी लुगडे घेऊन आल्या.

"शालू सुनेचा होता," त्या म्हणाल्या. "हे घरच्या लेकीला. आता तिचं स्थळ आम्हीपण बघू." मी पाया पडलो, तेव्हा माझे डोळे भरले होते.

परतीची वाट मला आठवत नाही. घरी येऊन सगळे सांगितले, तेव्हा बायको संतापून रडली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. यमूने काहीच विचारले नाही. हरवलेले भाऊबंद सापडले याचा आनंद मला होता, नाही असे नाही. पण तो कुणाला दाखवायची सोय नव्हती, आणि खरे बोलल्याचे समाधान म्हणतात तेही मला काही लाभले नाही.

तिसऱ्या सकाळी यमू ते लुगडे नेसून पाण्याला निघाली. देवासचे स्थळ गावभर झाले होते. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हटकले, "काय गं, सासरचं का?"

"नाही काकू," यमू म्हणाली, "माहेरचं आहे." आणि कळशी कमरेवर घेऊन ती नदीकडे गेली.