चेरीवरची काजळी

जैनब टीचर मला पंचवीस वर्षांनी भेटल्या, तेव्हा त्या माझ्या गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवून ते बोट चाटत होत्या. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या सोसायटीत मी नुकताच राहायला आलो होतो. पार्किंगमध्ये सत्तरीची एक बाई आपली गाडी चाखून बघते आहे हे पाहून मी बिचकलोच. त्यांनी माझ्याकडे न बघताच निकाल दिला, "गोड आहे." मग चष्मा वर करून मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सुनील ना तू? विज्ञानात नापास झालेला."

मधल्या काळात माझं लग्न झालं, पोट सुटलं, केस गेले. पण टीचरच्या लेखी मी अजून आठवीच्या सहामाहीतच अडकलो होतो. भिवंडी शहरात, निजामपुऱ्यातल्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. वर्गाला लागूनच कापड विणणारे लूम खडखडायचे, म्हणून त्यांना टिपेच्या आवाजात बोलायची सवय लागली, ती कायमची. पुढे नवरा गेला, घरचे लूम भंगारात गेले, मुलगी कतारला गेली आणि तिने आईसाठी इथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. टीचर मुलीशी फोनवर बोलू लागल्या की शेजारचे भिंत ठोकायचे. मग त्या हळू बोलू लागल्या, तर मुलगी म्हणायची, अम्मी, आवाज येत नाही. हे सगळं त्यांनी मला हसत सांगितलं होतं. "निजामपुऱ्यात दार उघडंच असायचं रे. इथे बेल वाजली तर कुरिअरवाला. तोसुद्धा चुकून आलेला."

त्यांच्या खिडकीखाली चार झाडं होती. बिल्डरने जाहिरातीत 'चेरी ब्लॉसम' छापलं होतं, म्हणून सगळे त्यांना चेरी म्हणायचे. टीचरनी मला लगेच सांगून टाकलं की ही चेरी नव्हे, टॅबेबुया. पण गुलाबी फुलं भरभरून येतात, तर म्हणू देत चेरी. त्या हिवाळ्यात मात्र चारही झाडं काळी पडली. पानांवर काजळी, फांद्यांवर काजळी आणि खालच्या गाड्यांवर चिकट काळा थर. भिवंडीत काही काळं दिसलं की माणूस आधी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याच्या, चिमणीकडे बघतो. आमच्या कमिटीनेही जवळच्या सायझिंगवाल्याला सह्यांनिशी तक्रार दिली. तो बिचारा स्वतः येऊन सांगून गेला की त्याचा बॉयलर गणपतीपासून बंद आहे. तेव्हा चेअरमननी तोडगा काढला, "मंग झाडाच तोडून टाकू. ती कटकटच न्हाय पायजे."

त्या मीटिंगला टीचर एक काळं पान घेऊन आल्या. "धूर कधी गोड लागतो का?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. "ही काजळी नाही, बुरशी आहे. वरच्या पानांच्या पोटाला किडे बसलेत. ते रस पितात आणि गोड पाणी टाकतात, त्या गोडावर हे काळं वाढतं. खालचं पुसत बसू नका, वर कोण बसलंय ते बघा." चेअरमननी स्वतः चाटून खात्री करावी असाही त्यांचा आग्रह होता. तो टाळण्यासाठीच की काय, चेअरमननी होळीपर्यंतची मुदत दिली. मदत कोण करणार म्हटल्यावर सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकी घातली. मी हात वर केला. शाळेत ज्या बाईंसमोर कधी हात वर करता आला नाही, त्यांच्यासमोर तेवढीच संधी.

मग दर रविवारी सकाळी आमचं काम सुरू झालं. बादलीत साबणाचं पाणी, त्यात थोडं कडुलिंबाचं तेल, आणि माझ्या पाठीवर पंप. टीचर खालून हुकूम सोडायच्या, "पानाच्या पाठीवर कशाला मारतोस? पोटावर मार." फवारून झालं की पाइपाच्या धारेने पानं धुवायची. त्यांचा खरा राग मुंग्यांवर होता. "या मुंग्या म्हणजे त्या किड्यांचे गवळी. दूध काढतात आणि राखणही करतात. आधी यांची वाट बंद कर." म्हणून प्रत्येक खोडाला कोऱ्या कापडाची पट्टी बांधायची आणि तिच्यावर लूमला लावतात ते ग्रीस चोपडायचं. पट्टीशिवाय ग्रीस लावलं तर साल खराब होते, हे मला त्यांनी किमान दहा वेळा सांगितलं असेल.

काम संपलं की वर चहा. दोन कप आधीच मांडलेले असायचे. एकदा मला उशीर झाला, तर ओट्यावर चहाचं तिसरं आधण चढलेलं होतं. आठवडाभर साठवलेलं सगळं त्या मला त्या तासाभरात सांगायच्या, अगदी मोकळ्या, मोठ्या आवाजात. त्या रविवारची वाट बघतात हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जानेवारीत तीन झाडं लख्ख झाली. कोपऱ्यातलं चौथं काही केल्या सुधारेना. जाऊन पाहावं तर पट्टी सुटून खाली पडलेली आणि खोडावर मुंग्यांची रांग. मी पुन्हा बांधली, पुढच्या रविवारी पुन्हा सुटलेली. असं तीनदा झालं. सोसायटीतल्या पोरांचा चावटपणा असणार म्हणून मी वॉचमन शिवपूजनवर ओरडलो. तो मान खाली घालून उभा राहिला. शेवटी मी शिडी आणली आणि कोणाचाही हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर पट्टी तारेने आवळून टाकली. वर जाऊन टीचरना ऐटीत सांगितलं की आता काळजी मिटली. त्या म्हणाल्या, "हुशार झालास हो," आणि कपबशा विसळायला उठल्या.

तीन आठवड्यांत चौथं झाडही स्वच्छ झालं. होळीला चारही झाडं फुलांनी भरून गेली, चेअरमननी त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढले. मी मात्र वर गेलो नाही. मी नोकरीला होतो त्या गोदामात मार्च एंडिंगची धांदल होती, रविवारीही ड्युटी लागायची. टीचर खिडकीतून हात करायच्या, मी गाडी काढता काढता खालून हात करायचो. एकदा त्यांनी फोन केला, "फुलं माझ्या खिडकीतून छान दिसतात, बघून जा." येतो म्हणालो आणि राहून गेलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी टीचर झोपेतच गेल्या. कतारहून मुलगी आली, निजामपुऱ्यात दफन झालं. अख्खी जुनी गल्ली लोटली होती. ही सगळी माणसं रिक्षाने वीस मिनिटांवर होती, आणि मी तर समोरच्या विंगमध्ये.

परतल्यावर पार्किंगमध्ये शिवपूजन जवळ आला. म्हणाला, "साहब, वो पट्टी बच्चे लोग नहीं खोलते थे. टीचर खुद खोलती थी." मग तेव्हाच का नाही बोललास, असं मी विचारलं.

"टीचर ने मना किया था. बोली, पेड़ अच्छा हो गया तो वो ऊपर चाय पीने नहीं आएगा."

झाड बरं झालं होतं, आणि मी गेलो नव्हतो.