दारणेच्या काठावर सदतिसावं वचन

आत्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका सॉफ्टवेअरमधली चूक शोधत होते. "नव्या बायबलात सदतिसावं वचन तळटिपेत गेलंय," ती म्हणाली. "रविवारी मला नदीत उतरायचंय. ते खरं की खोटं, येऊन सांग."

वचन बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं, आठव्या अध्यायातलं. वाटेत पाणी पाहून एक परदेशी अधिकारी बाप्तिस्मा मागतो. मनापासून विश्वास असेल तर हरकत नाही, असं उत्तर मिळतं आणि तो विश्वास कबूल करतो. आत्याचा बाप्तिस्मा आजोबांनी तान्हेपणीच करवून घेतलाय. पण देवळाली कॅम्पातली तिची छोटी मंडळी, म्हणजे तिचं चर्च, स्वतःच्या तोंडच्या कबुलीशिवाय तो ग्राह्य धरत नाही. पप्पांना, म्हणजे तिच्या भावाला, यात आजोबांचा अपमान दिसतो. ते बोलत नाहीत तिच्याशी.

शनिवारी पुण्याहून सकाळीच निघाले. संगमनेरपर्यंत ट्रक फार. सिन्नरला मिसळ खाऊन नाशिकरोडवरून कॅम्पात वळलात तर शहराची गर्दी टळते.

आत्या पांढऱ्या साडीला आतून पिना लावत होती, पाण्यात साडी फुगू नये म्हणून. मी वाचलेलं सांगितलं. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे वचन नाही. दुसऱ्या शतकातल्या एका बिशपला मात्र ते ठाऊक होतं. पुढे उत्तर आफ्रिकेत मुख्य चर्चपासून फुटलेले लोक आपल्याकडे येणाऱ्याला, आत्यासारखाच, पुन्हा बाप्तिस्मा देत.

"त्यांच्याही भावांनी बोलणं टाकलं असेल," आत्या म्हणाली. मग हळूच, "म्हणजे खोटं?"

"मूळ लेखकाचं बहुधा नाही. पाण्यात उतरताना लोक हे बोलायचे, ते कुणीतरी समासात लिहिलं आणि पुढच्या नकलेत ते मजकुरात आलं, असा अंदाज आहे."

तिचा हात थांबला. "आधी माणसांच्या तोंडी होतं तर."

"बहुधा."

"मग पुरे मला."

रविवारी सकाळी नदीवर गेलो. भगूरच्या बाजूला दारणेचा काठ उतरता आहे. चपला घट्ट हव्यात. जानेवारीचं पाणी. काठावरून एक बाई ओरडली, "सिस्टर, नाक धरा, नदी पिऊ नका!" आत्याही हसली. मग बाप्तिस्मा देणाऱ्या ब्रदरांनी विश्वास आहे का विचारलं आणि तिने ते वचन स्वच्छ आवाजात म्हटलं, पुस्तकाशिवाय. वर आल्यावर तिची नजर काठावर फिरली. मी दिसले, तरी ती आणखी कुणाला तरी शोधत राहिली.

वचन नंतरचंच आहे, हे माझं मत परतीच्या वाटेवरही बदललं नाही. फक्त तळटीप या शब्दाचा मला थोडा राग येऊ लागलाय.

घरी जेवण संपत आलं. मग ताटाकडे बघत पप्पा म्हणाले, "पाणी गार होतं?"

"फार."

"तिला लगेच सर्दी होते," असं म्हणत ते उठले आणि स्वतःचा फोन शोधू लागले.