ढेलच्या गालातला घास

भ्यालेला हात हळू चालतो, असं मामदकाका म्हणायचे. विहिरीच्या काठावरून जाताना म्हणायचे, कढत चहाची बशी ओठाला लावताना म्हणायचे, आणि घोडीच्या तोंडात पिचकारी सरकवण्याआधी तर दर वेळी म्हणायचे. आमच्या काठियावाडात बापजाद्यांचं शौर्य सांगितल्याशिवाय कुणी पंगतीतून उठत नाही. अशा मुलखात स्वतःची भीती उघड सांगणारा तो एकच माणूस मी पाहिला.

नदीपलीकडच्या वस्तीतून ते चालत यायचे. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, डाव्या हाताची करंगळी नाही, आणि कुत्र्यांच्या भीतीनं बरोबर कायम काठी. म्हाताऱ्या घोड्यांची तोंडं धुणं हे त्यांचं काम. घोड्याची दाढ पडली की त्या खिंडीत चावलेला चारा अडकतो, गालात ठासून बसतो, तिथेच कुजतो. मग जनावर खायला बघतं आणि खाऊ शकत नाही. अर्धवट चघळलेले ओले गोळे टाकत राहतं. दावणीपुढे ते गोळे दिसले की लोक मामदकाकांना निरोप धाडत.

आमच्या ढेलचं तसंच झालं. आमच्याकडे लांडोरीला ढेल म्हणतात; मान तशी म्हणून तिचं नाव ढेल. वय एकोणीस, पोटात नवव्या महिन्याचं शिंगरू, आणि तिच्या वंशातलं दुसरं जनावर आता कुणाच्याच दारात उरलेलं नव्हतं. माझे सासरे, आपा वजसूर, रोज सकाळी आधी तिचं तोंड बघत, मग आरशात स्वतःचं. ती उपाशी राहिली असती तर एकटी गेली नसती.

मी या घरात सून होऊन आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. माहेरी लहानपणी घोड्यानं माझ्या दंडाचा लचका तोडला होता. त्यामुळे ढेलपासून मी दोन हात लांबच. घरधनी ट्रॅक्टर घेऊन महिना महिना बाहेरगावी असत. घरात आपा आणि मी. पण सासऱ्यासमोर सुनेनं लाज पाळायची, पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि शब्द काढायचा नाही. सहा वर्षांत मी आपांशी एक वाक्य बोलले नव्हते, ना ते माझ्याशी. पाणी हवं असलं की ते खांबाकडे बघून खाकरायचे.

पहिल्या दिवशी मामदकाका आले तेव्हा ढेल डेलीत, म्हणजे आमच्या दारातल्या पडवीत, बांधलेली होती. आपा बाजेवरून म्हणाले, "काय रे मामद, परवा म्हणे सरडा पाहून झाडावर चढलास. आणि घोडीच्या जबड्यात हात घालतोस?"

"घोडीची ओळख आहे, आपा. सरड्याशी बोलणं झालेलं नाही."

त्यांनी पिशवीतून होळीची पितळी पिचकारी काढली. तिच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला, हिरडीला पितळ लागू नये म्हणून. मी कोमट मिठाचं पाणी आणून उंबऱ्यावर ठेवलं. त्यांनी ढेलचा दोर सैल सोडला, मान छातीच्या खाली येऊ दिली, पुढे घमेलं ठेवलं. ओठाच्या कोपऱ्यात, जिथे घोड्याला दातच नसतात, तिथून पिचकारी हळूहळू सरकवली. हात थरथरत होता. पाणी गालात फिरलं आणि हिरवा-काळा लगदा घमेल्यात पडू लागला. त्याची दुर्गंधी चुलीपर्यंत आली.

आपांनी नाकाला फेट्याचं टोक लावलं. "असं थेंब थेंब किती दिवस चालायचं? वर तुळईला कडी आहे. डोकं वर बांध आणि मार जोरात. औषध पाजताना आपण तसंच करतो ना?"

"औषध पोटात जायचं असतं, आपा. हे बाहेर यायचंय. डोकं वर गेलं की ही घाण छातीत उतरेल."

"भित्रा आहेस."

"आहे. कडीला बांधणार असाल तर सांगा, मी निघतो."

आपा हसले, पण दोर सैलच राहिला. पाच दिवस हे चाललं. दावणीपुढचे ओले गोळे कमी झाले. भिजवलेला कोंडा आणि शिजवलेली बाजरी ढेलच्या पोटात जाऊ लागली.

सहाव्या दिवशी मामदकाकांना भाचीच्या निकाहाला जावं लागलं. पिचकारी त्यांनी डेलीतल्या खुंटीला अडकवली आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आपांना सांगितलं, "मी येईपर्यंत फक्त पातळ द्या. तोंडाला कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ढेलनं घमेल्यातून तोंड फिरवलं. आपा तिच्याभोवती तीन वेळा फिरले. मग त्यांनी दोर घेतला, वरच्या कडीतून ओवला आणि ओढला. ढेलची मान वर, वर, तुळईपर्यंत गेली. त्यांनी पिचकारी भरली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला माहीत होतं. पाच दिवस मी तेच ऐकलं होतं, शब्द न् शब्द. हातानं, सवयीनं, पदर आणखी खाली ओढला.

आपांनी दट्ट्या दाबला. ढेल खोकली. सारं अंग हादरवणारा खोकला, एकदा, दोनदा, आणि मग दोन्ही नाकपुड्यांतून हिरवं पाणी आलं. आपांनी झटकन दोर सोडला. फेट्याच्या टोकानं तिचं नाक पुसलं, जमिनीवरचं पाणी पायानं मातीत मिसळलं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात फक्त पदर होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत मामदकाका आले. पिशवीत लग्नाची मिठाई होती. "कशी आहे आमची म्हातारी?"

"ठीक आहे," आपा म्हणाले. "थोडी सुस्त."

"हात लावला नाहीत ना?"

"मी कशाला लावतो?"

मामदकाकांनी पिचकारी खुंटीवरून काढली. ढेलच्या नाकपुड्या हलत होत्या, लग्नातल्या ढोलासारख्या भरभर. मी पाण्याची बादली घेऊन बाहेर आले. बादली हिंदकळत होती, साडी भिजत होती. नेहमीसारखी उंबऱ्यावर न ठेवता मी ती थेट ढेलपुढे नेली. दोन हातांचं अंतर मी सहा वर्षांत पहिल्यांदा ओलांडलं. सासऱ्याशी बोलता येत नव्हतं, परक्या पुरुषाशी सासऱ्यादेखत बोलता येत नव्हतं. घोडीशी बोलू नये असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "ढेलबाई, काल तुझी मान कडीला बांधली होती. तू खोकलीस. तुझ्या नाकातून हिरवं पाणी आलं. सांग की काकांना. गप्प का बसलीस? मीही काल गप्प बसले."

मामदकाकांनी पिचकारी खाली ठेवली. ढेलच्या फासळ्यांना कान लावला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे बराच वेळ लावला.

"आपा, तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आणा. आत्ता."

"ऊन उतरू दे, मग—"

"बाविसाव्या वर्षी मी हेच केलं होतं," काका म्हणाले. "धन्याचा घोडा होता. मान कडीला बांधली, जोरात पिचकारी मारली, लोक वाहवा म्हणाले. तिसऱ्या दिवशी श्वासाला कुजका वास आला. चौथ्या दिवशी मी खड्डा खणत होतो. त्या दिवसापासून हा हात असा हलतो. तुमचा हलू नये, आपा."

आपा चपला न घालताच सडकेवर गेले. दुपारी डॉक्टर मोपेडवरून आला, सुया टोचल्या, रोजची औषधं दिली. जाताना म्हणाला, "वेळेवर बोलावलंत. तरी तीन दिवस श्वासावर लक्ष ठेवा. वास फिरला तर कळवा. दाढेचं काय ते शिंगरू झाल्यावर बघू."

वास घ्यायचा कुणी? मामदकाकांचं नाक तपकिरीनं केव्हाच मेलं होतं. आपांनी दोनदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मला तर सगळाच वास वाईट येतोय." काकांनी माझ्याकडे न बघता हाक मारली, "ये बेटा. भ्यालेला हात हळू चालतो. नाकाचंही तसंच."

तीन दिवस, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला, मी ढेलच्या नाकपुडीशी तोंड नेलं. ज्या दातांच्या भीतीनं मी लांब राहत होते, ते आता गालापासून वीतभर होते, आणि भीती दातांची नव्हतीच. पहिल्या दिवशी तापाचा वास आला, तापलेल्या तव्यासारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी काहीतरी आंबट आलं आणि मी मान मागे घेतली. काकांनी विचारलं, "आंबलेलं की मेलेलं?" मला सांगता येईना. पुन्हा घेतला. आंबलेलं. ते तोंडातल्या कोंड्याचं होतं. काका भिंतीला टेकून खाली बसले. ओसरीवर आपा माळ ओढत होते. मणी पुढे सरकत नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ढेलच्या श्वासाला ओल्या हिरव्या घासाचा वास आला. नुसता तेवढाच. मी ढेललाच सांगितलं. तिनं माझ्या खांद्यावर नाक घासलं आणि घमेल्यात तोंड घातलं. आतून तिच्या पोटाला शिंगरानं पाय मारला, तो आम्हा तिघांनाही दिसला.

डॉक्टरची औषधं पुढे आठवडाभर चालली. ती संपली त्या दिवशी सकाळी मामदकाकांनी पिचकारी धुतली, ट्यूबचा तुकडा नवा चढवला आणि ती माझ्यापुढे उंबऱ्यावर ठेवली.

"रोज धुवावं लागेल, जगेल तोवर. मी रोज येणं काही खरं नाही. हे काम आता घरातच राहू दे."

"मी आहे ना," आपा म्हणाले.

"तुम्ही भीत नाही, आपा. हिचा हात भितो."

आपा खांबाकडे वळले आणि खाकरले. मी पाण्याला उठणार, एवढ्यात ते ढेलच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "ढेल, तिला सांग, वरची कडी मी काल उपटून टाकली."

मी वर पाहिलं. तुळईत नुसतं भोक होतं.

मामदकाकांनी काठी उचलली. नदीच्या वाटेवर चावडीपाशी कुत्रं आडवं पडलेलं होतं. काका थांबले, त्याला लांबून वळसा घातला, बाभळीच्या बाजूनं, काट्यांतून, आणि परत वाटेवर आले. डेलीच्या दारातून मी बघत होते. माझ्या खांद्यावरून ढेल बघत होती, काठियावाडी घोड्यांचे कान जुळतात तशी दोन्ही कानांची टोकं एकमेकांना लावून, काका नदीत उतरून दिसेनासे होईपर्यंत.