मंगळवारच्या टेबलावरचा लॉइड

ओझीत सोल्निए चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात मासे कापायला उभी होती. आता तिच्याकडे मंगळवारची बैठक आहे. चर्चजवळच्या हॉलमध्ये गावातले म्हातारे दुपारी जमतात, पत्ते कुटतात, रापूर म्हणजे किसलेल्या बटाट्याचा आणि मांसाचा भाजलेला थर खातात आणि आपल्या फ्रेंचमध्ये एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात. इंग्रजीच्या समुद्रात आपल्या फ्रेंचचं हे बेट टिकावं म्हणून सरकार मदत देतं. त्या मदतीवर एक व्हॅन चालते. ती नसेल तर लांबच्या वस्तीवरची नऊ म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत. ओझीतची थोरली बहीण देलिमा त्यातलीच.

मार्चमध्ये पाहणीला माणूस येणार असा फोन आला. नाव फ्रेझर.

"इंग्रज पाठवलाय," ओझीतने हॉलभर सांगितलं. "नीट वागा."

नीट वागणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. खोलीत एक इंग्रज शिरला की वीस जणांनी आपली जीभ बदलायची. आजोबांनी केलं, बापाने केलं, कारखान्यात तर भाकरीच त्यावर होती. फ्रेझर कोपऱ्यात गप्प बसला आणि वहीत लिहीत राहिला. अख्ख्या हॉलने दोन तास इंग्रजी झाडली. देलिमाने तर शिंकल्यावर माफीसुद्धा इंग्रजीत मागितली. ओझीतने त्याला रापूरचा खरपूस कोपरा वाढला.

निघताना कोट चढवत तो अस्सल फ्रेंचमध्ये म्हणाला, "काकू, रापूर माझ्या आईच्या हातचं वाटलं. पण दोन तासांत मला आपली भाषा ऐकू आली नाही हो."

ओझीतचा चेहरा उतरला. "अहो, तुमच्यासाठीच तर बोललो! आधी तोंड का नाही उघडलंत?"

"मी फक्त ऐकायचं, असा नियम आहे. जे ऐकलं ते लिहायचं. तीन आठवड्यांनी परत येतो."

ओझीतला कळेना, चूक कुणाची? पाहुण्याचा मान राखला तर तो गुन्हा? आणि हे कसलं सरकार, जे भाषा वाचवायला मुका माणूस पाठवतं?

फ्रेझरचा प्रश्न सुटण्यासारखा होता, त्याच्यासमोर फ्रेंच बोललं की झालं. लॉइडचा नव्हता. लॉइड खराखुरा इंग्रज. बायको मार्गरीत इथलीच होती, ती गेल्यापासून आठ वर्षं तो दर मंगळवारी ओझीतच्या टेबलावर बसतो. त्याच्यासाठी ते टेबल इंग्रजीत खेळतं.

"फ्रेझर येईल त्या दिवशी लॉइडला बोलावू नकोस," देलिमा म्हणाली. "एक मंगळवार घरी बसला तर मरणार आहे का?"

"तूच सांग मग त्याला."

"मी कशाला? तुझं टेबल, तुझा इंग्रज!"

ओझीत त्याच्या दारात गेली. लॉइडने दार उघडलं. त्याने नवा सदरा घेतला होता, तोच दाखवत राहिला. येऊ नकोस सांगायला गेलेली ती म्हणाली, "व्हॅन एक वाजता येईल." घरी येईपर्यंत तिने स्वतःला शिव्या घातल्या. मग सरकारला. मग लॉइड आपली भाषा कधीच का शिकला नाही म्हणून त्यालाही. मग आठवलं, त्याला ती शिकू कुणी दिली? त्याने तोंड उघडायच्या आत सगळे इंग्रजीत वळायचे.

त्या मंगळवारी फ्रेझर कोपऱ्यात, लॉइड टेबलावर. ओझीतने पानं वाटली आणि फ्रेंचमध्ये सुरुवात केली. लॉइड इकडेतिकडे बघत हसला. त्याची पाळी आली तरी पान सुटेना.

"अरे टाक ना!" देलिमा फ्रेंचमध्ये ओरडली. "जिवंत मासा आहे का तो, सोडला तर पोहत जाईल म्हणून धरून बसलायस?"

हॉल खदखदून हसला. लॉइडने ओझीतला इंग्रजीत विचारलं, "काय झालं?"

फ्रेझरने मान वर केली. इंग्रजी उत्तर ओझीतच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "तुझी पाळी आहे," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, हळू, एकेक शब्द. त्याने पान टाकलं. चुकीचं. ते परत घे, असं कुणी म्हटलं नाही. तो डाव संपल्यावर लॉइड उठला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.

"मदत चालू राहील," फ्रेझर जाताना म्हणाला. "छान बैठक आहे तुमची."

छान. ओझीतला त्याच्या हातातली वही हिसकावून घ्यावीशी वाटली आणि त्याचे आभारही मानावेसे वाटले. तिने आभार मानले.

व्हॅनमध्ये ती लॉइडच्या शेजारी बसली.

"मदत मिळाली?" त्याने विचारलं.

"मिळाली."

"बरं झालं. आता सांग, देलिमा काय म्हणाली?"

तिने माशाची गोष्ट इंग्रजीत सांगितली. सांगतानाच तिला कळलं की त्यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही. लॉइड तरीही मोठ्याने हसला. तो विनोदाला हसला की तिच्यासाठी, हे काही ओझीतला समजेना. त्याच्या दारापाशी व्हॅन थांबली. तो उतरला, "पुढच्या मंगळवारी" एवढंच म्हणाला आणि आत गेला.