सुंद्राचा पैरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. गोड करून सांगायला मला जमणारही नाही.

निपाणीजवळच्या आमच्या गावात गडीमाणसाची कामं अडत नसत. बैलजोडी हवी असली तर चावडीवर जाऊन बसायचं, तंबाखू मळता मळता ठरून जायचं. बाईला काय होतं? पैरा. आज सगळ्या तुझ्या शेतात तण भांगलायला, उद्या तू आमच्या. नवरा वारल्यावर सुंद्राला तर दुसरा आधारच नव्हता. दीर टपलेला — एक पीक बुडालं की शेत काढून घेणार, हे गावाला ठाऊक होतं. त्या साली ती प्रत्येकीच्या शेतात राबली होती. माझ्याही.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. पावसानं उघडीप दिली. भुईमुगात तण माजलेलं. पाळी सुंद्राच्या शेताची होती. पण माझंही शेत तणानं भरलेलं — आणि उघडीप कितीशी टिकणार? मी बायकांना सांगितलं, तिचे माहेरचे भाऊ यायचेत, आपण नको आहोत तिला.

"भाऊ आलं की आमी नकोशा व्हय? लई शानी!" एक जण फणकारली. सगळ्या माझ्याबरोबर ओढ्यापलीकडे, माझ्या शेतात आल्या.

संध्याकाळी सुंद्रा परसात येऊन उभी राहिली. "आक्का, सकाळधरनं वाट बघितली. माझं काय चुकलं गं?"

निदान तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं ना? मी म्हटलं, "रांडमुंडीच्या बांधावर पाय नको म्हणत्यात बायका. मी काय करू?"

असं कुणीच म्हटलं नव्हतं — ते शब्द माझे होते.

ती पुन्हा कुणाच्या दारात गेली नाही. बायकांना वाटलं, माजली. मग पाऊस लागला तो हटेना. ती एकटीच चिखलात तण उपटत राहिली — मला दिसत होती. पीक गेलं. दिरानं शेत घेतलं, आणि सुंद्रा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला गेली.

पुढच्या साली दिरानं ते शेत वाट्यानं द्यायला काढलं. नवऱ्यानं विचारलं, घ्यायचं का? मी हो म्हटलं. अजून ते आम्हीच करतो.